हमीद सरांच्या पँटचे खिसे

मनीषाच्या हातात तार होती आणि ती सुटत नव्हती. तोंड उघडं, आवाज नाही. बाकीच्या पोरी भिंतीला चिकटून ओरडत होत्या. मी झाडू धरून दारात उभी. हमीद सर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होते. साठी ओलांडलेला, गुडघे दुखणारा माणूस. त्यांनी लाकडी स्टूल उचललं आणि पोरीच्या हातावर असं हाणलं की तार एकीकडे, मनीषा एकीकडे. मग खाली बसून तिची छाती दाबत राहिले. "उठ, बेटा. उठ. परीक्षा राहिलीय तुझी." ती खोकली तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

"फ्यूज किसने लगाया?"

मीच म्हणाले, "मी लावला. खिडकीत पडला होता."

चिकलठाण्याचं ते केंद्र एका सरकारी योजनेच्या पैशानं चालायचं. काम शोधणाऱ्या बायांना तीन महिन्यांत घरातलं वायरिंग शिकवायचं, दाखला द्यायचा आणि कुठंतरी कामाला लावायचं. मी तिथं झाडायला होते. हमीद सर लाइनमन म्हणून रिटायर होऊन शिकवायला आले होते. अर्धं मराठी बोलायचे, अर्धं दखनी. "करंट नातं बघत नाय," हे रोज एकदा. आणि दुसरं, "फ्यूज खिशात, मग हात तारेत." म्हणजे कामाच्या आधी बोर्डातला फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. तो आपल्या खिशात असला की दुसरं कोणी चुकून करंट चालू करू शकत नाही. साधी गोष्ट.

मनीषानं फ्यूज काढला होता. पण पंजाबी ड्रेसला खिसा कुठं असतो? तिनं तो खिडकीत ठेवला. झाडता झाडता मी तिथं आले. मला वस्तू इकडंतिकडं पडलेली बघवत नाही. बोर्डात एक खाच रिकामी दिसली, तिथं दाबून बसवला.

आता शिव्या बसणार म्हणून मी तयार होते. सरांनी आधी मनीषाला विचारलं, "खिशात का नाय ठेवलास?"

"सर, खिसाच नाय."

त्यांनी स्वतःच्या पँटचा खिसा चाचपला. "लाइन पे तीस साल लौंडों को सिखाया. सब पतलूनवाले थे." मग माझ्याकडे वळले. "कांताबाई, तुमची गलती एक, माझ्या दोन. पोरींचा खिसा बघितला नाय, आणि झाडणारीला शिकवलं नाय. उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं."

"मी? चौथी शिकलेली बाई?"

"झाडू घेऊन बसा. पर बैठो."

दवाखान्यात मनीषाची छाती तपासली, तळहाताला पट्टी बांधली आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला लासूर स्टेशनला घरी पाठवलं.

दोन दिवसांनी योजनेचे साहेब आले. सरांनी झालं ते सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं. माझं नाव होतं, त्याच्या वर त्यांचं स्वतःचं. साहेब वैतागले. "हे कशाला लिहिलं? बायांना हे काम झेपत नाही. बॅच बंद करू आणि शिवणकाम लावू." सोळापैकी पंधरा पोरी ऐकत होत्या. अडीच महिने घातलेले, दाखला हातात नाही.

सर म्हणाले, "शिवण आजच लावतो साहेब, खिसे शिवायचेत. पण बॅच हीच राहील. पंधरा दिवसांनी परीक्षा घ्या. एक जरी नापास झाली तर खुशाल बंद करा."

"आणि ती शॉक लागलेली?"

"ती पहिली बसेल."

ती परत येईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आपल्या चार जुन्या खाकी पँटी घेऊन आले. लाइनमनच्या पँटीचा खिसा जाड आणि खोल असतो. "काटो," म्हणाले. मी सोळा खिसे कापले आणि सुई-दोरा घेऊन बसले.

"सर, आता घरी काय घालणार?" पोरींनी विचारलं.

"लुंगी."

पाचव्या दिवशी मनीषा आली.

"घरचे काय म्हणाले गं?"

"तव्याला भाजलं म्हणून सांगितलं, मावशी."

"खोटं बोललीस."

"खरं बोलले असते तर जन्मभर तव्यापाशीच बसवलं असतं."

तिच्या अंगावरच्या ड्रेसला मी उभ्या उभ्या सोळावा खिसा शिवला. पण ती बोर्डाजवळ जाईना. सरांनी ओढलं नाही, समजावलंही नाही. त्यांनी वर्गाचा मेन फ्यूज काढून तिच्या हातात दिला. "खिशात ठेव. तू बोलेपर्यंत ह्या वर्गात करंट येणार नाय."

एप्रिल महिना होता. पंखे बंद. दुपारपर्यंत पोरी घामानं निथळल्या. "मनीषा, माझी बाई, पंखा तरी लाव!" सर पुठ्ठ्यानं वारा घेत शिकवत होते, घाई नाही. चार वाजता मनीषा उठली, सगळ्यांना बोर्डापासून लांब व्हायला सांगितलं आणि आपल्या हातानं फ्यूज बसवला. पंखे फिरले. सर म्हणाले, "चलो, पुढचं पान."

परीक्षा घ्यायला वाळूजच्या एका कंपनीचे साहेब आले होते. मनीषा पहिली गेली. त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "बंदच आहे तो. उघड."

"तुम्ही म्हणता साहेब, पण फ्यूज माझ्या खिशात आल्याबिगर मी हात लावत नाय."

त्यांनी तिला तिथंच कामाला घेतलं. सोळाही पोरी पास झाल्या. मला दाखला नाही, पण बोर्ड मला आता तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

सर मागच्या वर्षी गेले. दुपारचा चहा पिता पिता गेले. त्यांच्या बायकोनं दाखवलं, त्या चार पँटी ते शेवटपर्यंत घरी घालत होते, तशाच, बिनखिशाच्या. लुंगीचं खोटं होतं.

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी सुई-दोरा काढते. पोरी विचारतात, वायरिंगच्या वर्गात हे कशाला? मी सांगते. फ्यूज मी लावला होता. मनीषा जगली.