कोपरच्या खाडीतून इंटरनेटपर्यंत, मार्गे खोपट

नातीने मला हा ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "आजोबा, फिरलात तिथलं लिहा." आता माझं फिरणं म्हणजे डोंबिवली पश्चिम आणि फार तर पूर्व. पण एक प्रवास सांगण्यासारखा आहे. एका यादीला इंटरनेटवर पोचवायला मी ठाण्यापर्यंत गेलेलो. लोक इंटरनेटवर घरी बसून जातात, आम्ही एसटीने गेलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारखान्याच्या स्टोअरमधून मी नुकताच निवृत्त झालेलो. शिक्षण जुनी मॅट्रिक, पण नाद प्राणिशास्त्राचा, आणि तोही वाचनालयातली पुस्तकं चाळून लागलेला. नऊ वर्षं मी कोपरच्या खाडीतल्या मासळीची यादी करत होतो. आमच्या घरात मासळी शिजत नाही. सौ. म्हणायची, "खायचं नाही तर त्यांची नावं कशाला लिहून घेता?" मी पुढचं नाव लिहून घ्यायचो.

नावं सांगायची मंजुळाबाई. कोपरजवळच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळीची पाटी लावणारी. मी पाटीसमोर वही घेऊन उभा राहायचो, गिऱ्हाईक मला ओलांडून जायचं. ती म्हणायची, "गद्रेभाव, घ्यायचं नाय तर निदान बाजूला तरी व्हा."

आणि मग ते पत्र आलं. ठाण्याच्या एका कॉलेजात खाड्यांमधल्या जीवांची माहिती संगणकात भरून इंटरनेटवर ठेवणार होते. सामान्य नागरिकांनीही याद्या द्याव्यात, संकलकाचं नाव यादीसोबत जगभर दिसेल. शेवटचा दिवस येता शुक्रवार. जमल्यास नमुना आणावा.

"संकलकाचं नाव जगभर" हे शब्द मी तीनदा वाचले. खोटं कशाला बोलू?

स्टेशनजवळच्या नाईकांच्या डीटीपी सेंटरमध्ये यादी मराठीत टाइप करून घेतली. त्रेचाळीस नावं, पैकी शास्त्रीय नाव मला अकरांचंच सापडलेलं. वर ठळक अक्षरात "संकलक : वि. ना. गद्रे". मंजुळाबाईचं नाव शेवटी आभारात, नाईक आणि आमची सौ. यांच्या मधोमध. नाईकांनी फ्लॉपी हातात देताना बजावलं, "उन्हात नको, वाकवायची नाही, लोहचुंबकाजवळ नेऊ नका." मी ती रुमालात गुंडाळली, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. वही घरीच ठेवली. संगणकात गेल्यावर वहीचं काय काम?

नमुना म्हणून एक चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, मागितली, तर मंजुळाबाई स्वतःच निघाली. "तुमी तिला धरनार कशी? बोट तोडंल ती."

पाटी कॉलेजात कशी न्यायची? मी घरून स्टीलचा डबा आणला. निवृत्तीला मिळालेला, झाकणावर कोरलेलं : "श्री. वि. ना. गद्रे यांस सप्रेम भेट, स्टोअर विभाग." नांग्या सुतळीने बांधलेली चिंबोरी त्यात बसली. सौ.ने फक्त एवढंच विचारलं, "आणि तो डबा परत माझ्या स्वयंपाकघरात येणार?"

लोकलने गेलो असतो तर केव्हाच पोचलो असतो. पण गर्दीत फ्लॉपी वाकली तर? म्हणून उलटे कल्याणला गेलो आणि डेपोतून ठाण्याची एसटी धरली. कुणाला हा मार्ग धरायचा असेल तर डाव्या खिडकीची जागा पकडा, आणि शीळफाट्यापर्यंत कमरेला टॉवेलाची गुंडाळी लावा. त्या रस्त्याला खड्डे होते असं म्हणणं चूक, खड्ड्यांना अधूनमधून रस्ता होता. प्रत्येक हिसक्याला मी छातीवर हात ठेवायचो. कंडक्टरने विचारलं, "काका, दुखतंय का?"

"नाही हो, फ्लॉपी आहे."

"मग तर डॉक्टरला दाखवाच," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मुंब्रा मागे पडलं, कळव्याच्या पुलावर गाडी अडकली. मंजुळाबाईने खाली पाणी बघितलं. "सुकती लागलीय," म्हणाली, म्हणजे ओहोटी. "आता निवट्या चिखलावर चालत असतील." निवटी म्हणजे तो चिखलावर उड्या मारणारा मासा. शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस. मी ते ऐकवलं. ती म्हणाली, "यवढं मोटं नाव? ती तर बोटायेवढी असते."

ठाण्यात खोपटच्या डेपोत उतरलो. बाहेरच्या टपरीवर चहा आणि बटाटावडा घ्यावाच, आमच्यानंतर टपरी राहिली असेल तर. तिथून रिक्षाने कॉलेज.

संगणक कक्षाबाहेर पाटी होती : "पादत्राणे बाहेर काढावीत." मंजुळाबाईने चपला काढल्या, दाराला हात लावून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "कंचा देव?" आत एसी, निळे पडदे आणि प्लॅस्टिकचं कव्हर पांघरलेले चार संगणक. पाचव्यापुढे सोनकांबळे मॅडम. तिशीच्या असतील, प्राणिशास्त्र शिकवून वर हा उद्योग सांभाळत होत्या.

"या, बसा. आज शेवटचा दिवस, वेळ कमी आहे," त्या म्हणाल्या. "इंटरनेटला ऑफिसचाच फोन लागतो. चार वाजता प्राचार्यांना तो परत द्यायचा. त्याच्या आत यादी गेली तर गेली."

घड्याळात अडीच. मी शर्टातून पिशवी, पिशवीतून रुमाल, रुमालातून फ्लॉपी काढली. मॅडमनी ती आत सरकवली. मशीन कण्हलं, आणि पडद्यावर माझी नऊ वर्षं उघडली. कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. संकलकाच्या जागी ठळक अक्षरात एक टक्केवारीचं चिन्ह आणि दोन उद्गारचिन्हं.

"फॉन्ट आणलाय का?" मॅडमनी विचारलं.

मी खिसे चाचपले. खरंच चाचपले. स्टोअरमध्ये नट मागितला तर बोल्टही द्यायचा हे मला कळत होतं, पण अक्षरं फ्लॉपीत येतात आणि त्यांची वळणं नाईकांच्या मशीनमध्येच राहतात, हे कोण सांगणार?

"वही तरी आहे ना?"

वही डोंबिवलीत. नाईकांना फोन लावला, दुकान बंद, जेवायची वेळ. मला त्या एसीत घाम फुटला. अकरा शास्त्रीय नावं धडाधड म्हणून दाखवली आणि बाराव्यापाशी थांबलो.

मंजुळाबाई इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसून होती. म्हणाली, "बाय, मासलीच सांगायची ना? मंग लिव की. बोईट. चिंबोरी. निवटी. जिताडा. शिंगाला..."

मॅडमच्या हातांनी वेग घेतला. इंग्रजी लिपीत एकेक नाव, आणि प्रत्येक नावापुढे फॉर्ममधल्या चौकटी.

"बोईट कधी मिळतो?"

"भरतीला."

"महिना सांगा, मावशी."

"भरती काय एकाच महिन्याला येते?"

मॅडमनी लिहिलं, "भरतीला". चिंबोरीला मापाची चौकट होती. मंजुळाबाई म्हणाली, "अवसेची भरलेली असते, पुनवेची पोकल. तुमच्या त्या चौकटीत चांद मावतो का बगा." मॅडम हसल्या आणि तेही शेऱ्यात घातलं. त्रेचाळीसच्या जागी एक्कावन्न नावं झाली. जास्तीची आठ मला नऊ वर्षांत सांगितलीच नव्हती. का, विचारलं तर म्हणे, "तुमी गिऱ्हाइकात उभं ऱ्हायचात, पुरं कवा सांगू?"

साडेतीन झाले. यादीची शेवटची चौकट : संकलक. तीत एकाच नावाची जागा.

"कुणाचं घालू?" मॅडमनी दोघांकडे बघितलं.

वाचकहो, त्या चौकटीसाठी मी छातीशी हात धरून शीळफाटा काढला होता. तोंड उघडलंही. पण समोर एक्कावन्न ओळी होत्या आणि त्यातली एकही माझ्या तोंडून आलेली नव्हती. "यांचं घाला," म्हणालो. "मंजुळाबाई कोळी."

बाईच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला उगाच वाटलं. ती म्हणाली, "माज्या नावानं काय उद्या पापलेटचा भाव चढनार हाय का? घाला कोनाचं पन. भरती लागायच्या आत घरी जायाचंय."

मग मॅडमनी नमुन्याची नोंद घ्यायला डबा उघडला. सुतळी सैल झाली होती. चिंबोरी बाहेर आली ती थेट कीबोर्डवर. शिपाई खुर्चीवर चढला, मॅडम टेबलामागे गेल्या, आणि मंजुळाबाईने दोन बोटांत धरून तिला डब्यात परत टाकलं. झाकण दाबताना मॅडमनी त्यावरचं कोरलेलं वाचलं आणि काहीतरी टाइप केलं. मी विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मोडेम किंचाळला, कण्हला, गप्प झाला. चारला पाच मिनिटं कमी असताना यादी गेली. प्राचार्यांनी फोन उचलून पाहिला तेव्हा मॅडम कपाळ पुसत होत्या.

कक्षात ना स्पिरिट, ना बरणी. चिंबोरी मॅडम घरी घेऊन गेल्या. जतन कसं झालं ते विचारायचं नसतं. डबा माझ्या हातात परत आला. येताना लोकलने आलो. फ्लॉपी पॅन्टच्या मागच्या खिशात होती, आणि मी तिच्यावरच बसलेलो.

पुष्कळ वर्षं गेली. परवा नातीने फोनवर इंग्रजी अक्षरांत "कोपर खाडी, चिंबोरी" असं शोधलं, आणि एका परदेशी संकेतस्थळावर ती नोंद सापडली. ती वाचून दाखवत होती : संकलक, मंजुळाबाई कोळी. ठिकाण, कोपर. शेरा, अमावास्येला भरलेली. आणि मग थांबून हसायलाच लागली. पुढची चौकट होती, नमुना कशात जतन केला? "स्टीलचा डबा, श्री. वि. ना. गद्रे, स्टोअर विभाग."

म्हणजे नाव गेलंच जगभर. माणूस म्हणून नाही, भांडं म्हणून.

तसाच उठलो आणि कोळीवाड्यात गेलो. मंजुळाबाई आता पाटी लावत नाही, ओट्यावर सुनेशी बोलत बसलेली असते. तिला फोनवरची नोंद वाचून दाखवली. 

"चिंबोरी माजी, डबा तुमचा," म्हणाली. "मंग बरोबरच लिवलंय की, गद्रेभाव."

घरी येऊन डबा काढला. सौ.ने त्यात त्या दिवसापासून आजवर काही भरलेलं नाही. झाकण उघडून वास घेतला. काही नाही, नुसतं स्टील. पण सौ.ला त्यात चिंबोरीचा वास अजून येतो, आणि खरं सांगायचं तर, मी तिला कधी नाही म्हटलेलं नाही.