मागून येतेय, पप्पा

"हाडकुं तो क्यारनुं जोडाई गयुं छे, भाई," डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणाले. हाड कधीचंच जुळलंय. मग दुखतं कशाने? त्यांनी कागदावर लिहिलं, क्रॉनिक पेन. म्हणजे जखम भरली तरी न जाणारं दुखणं. त्याखाली लिहिलं, सायकोथेरपी. म्हणजे बोलून, मनाच्या बाजूने करायचा इलाज.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजवा खांदा सतरा वर्षं ठणकतोय, आणि हा बाबा मला येड्यांच्या खोलीत धाडतोय! मी टेबलावर असा हात आपटला की त्यांचा चहा सांडला. "मी काय नाटक करतोय का?" बाहेरच्या बाकांवरची माणसं दारात येऊन बघायला लागली. डॉक्टरांनी चहा पुसला. म्हणाले, "दुखणं खरं आहे. म्हणूनच तर पाठवतोय."

मी मुळीच गेलो नसतो. गेलो तो पोरीमुळे.

त्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. कारखान्याला सुट्टी होती, सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत मी जेवत बसलो होतो. माझी प्रणाली, नऊ वर्षांची, लाडात येऊन मागून पाठीवर पडली. माझं कोपर मागे गेलं. कसं गेलं, मला कळलंच नाही. वळलो तर ती भिंतीपाशी पडलेली, ओठ फाटलेला, पुढचा दात फरशीवर. माझ्या ताटातल्या भातावर तिचं रक्त उडालं होतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सरलाने, माझ्या बायकोने, पोरीच्या तोंडाला पदर लावला आणि अहिराणीत एवढंच म्हणाली, "इलाज करा. नई ते मी पोरले लिसन मायेरले चालनी जासू." पोरीला घेऊन माहेरी निघून जाईन. उगाच धमकी देणारी बाई नाही ती. प्रणाली तर माझ्याजवळ फिरकेनाच. मी घरात शिरलो की ओट्याआड जाऊन उभी राहायची.

थेरपीच्या मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "खुर्ची कुठे ठेवू?" मी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसलो. मी कायम तसाच बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "नको वाटेल ते सांगू नका. तुम्ही थांबा म्हणालात की आपण थांबायचं." याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपी म्हणतात. ट्रॉमा म्हणजे अंगावर बेतलेल्या प्रसंगाचा आत बसलेला धसका. तो धसका ओळखून, माणसाला न दडपता केलेला इलाज.

सुरुवातीला मी हवापाण्याच्या गप्पा मारून यायचो. एकदा तर भडकून मधेच उठलो, जिन्यात भिंतीवर बुक्की मारली, बोटं सोलून निघाली. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, "पट्टी बांधू का?" मी हो म्हणेपर्यंत हाताला हात लावला नाही.

मग त्यांनी वही दिली. दुखणं कधी वाढतं ते लिहायचं. मला वाटायचं, बारा-बारा तास लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मशीनवर उभं राहून खांदा कामातून गेलाय. पण आराम केला की जास्त दुखायचं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्या कारखान्यात कुणाच्या तरी जागी बदलीवर जायचो. लोक म्हणायचे, हा पैशाला हपापलाय. वहीत बघतो तर काय! मशीन चालू असली की खांदा नुसता कुरकुरायचा. सुट्टीच्या शांततेत मात्र आत खिळे ठोकल्यासारखं व्हायचं.

मॅडमनी हळूच विचारलं, "मशीन बंद असताना कधी काही झालं होतं?"

माझे दात वाजायला लागले. सुरतच्या उन्हाळ्यात!

एकोणीस वर्षांचा होतो, धुळ्याकडून नुकताच आलेलो. एक ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, गायब झाला. सुट्टीच्या दिवशी मास्टरने, म्हणजे आमच्यावरच्या माणसाने, मला साफसफाईला बोलावलं. मी मशीनवर वाकलो आणि मागून पहिला दांडा बसला. दोघांनी हात धरले, तो मारत राहिला. मशिनी चालू असत्या तर माझं ओरडणं मलाही ऐकू आलं नसतं. त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं. दांडा, मास्टरची धाप, शिव्या, खांद्याचं हाड मोडलं तो आवाज, माझं "आई गं". शेवटी न केलेली चोरी मी कबूल केली. दुसऱ्या दिवशी ताका तिथेच एका कोपऱ्यात सापडला. "चुकलं" असं एकानेही म्हटलं नाही. हरामखोर साले! घरी मी सांगितलं, जिन्यावरून पडलो. सरलालाही तेच सांगत आलो.

आमच्या मशीनवर धागा तुटला की लाल दिवा लागतो. कधीकधी धागा शाबूत असतो, तरी दिवा लागतो आणि मशीन थांबते. मी मॅडमना म्हटलं, माझं तसंच झालंय का? त्या हसल्या. "अगदी तसंच. दिवा खरा लागलाय, धागा मात्र आता तुटलेला नाही."

मग सराव सुरू झाला. पाय फरशीवर टेकवायचे, खोलीतले आवाज मोजायचे, मूठ हळूहळू उघडायची. शांततेत आधी एक मिनिट बसायचं, मग दोन. एके दिवशी सरला आणि प्रणालीलाही बोलावलं. मी पोरीची माफी मागितली. माझी कुणी मागितली नव्हती, म्हणून मी तरी मागावी. म्हटलं, "बेटा, तुझी काही चूक नव्हती." ती आईच्या पदराआड सरकली. नियम ठरला, मागून येताना तिने आधी सांगायचं. मग ती दारातूनच ओरडायची, "मागून येतेय, पप्पा!" आणि हातभर लांब थांबायची.

तुमच्यापैकी कुणाला असं दुखत असेल तर आधी सगळ्या तपासण्या करा, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि कुणी या थेरपीच्या खोलीत पाठवलं तर टेबलावर हात आपटू नका. आपटलात, तरी जा. माझा खांदा पूर्ण बरा नाही, थंडीत ठणकतो. पण सुट्टीच्या दिवशी मी आता घरी असतो. त्या मॅडमचे आणि चहा सांडूनही न रागावलेल्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या सुट्टीला मी दाराकडे पाठ करून शेंगा सोलत बसलो होतो. अचानक खांद्यावर हात पडला. अंगातून वीज गेली, मूठ वळली. पाय फरशीवर टेकवले. कोपर जागचं हललं नाही.

"पप्पा, गणित सुटत नाहीये," प्रणाली म्हणाली, आणि एकदम जीभ चावली. "अय्या! मी सांगितलंच नाही!"

पोरगी विसरली होती. माझी भीती बाळगायची विसरली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हटलं, "असू दे. आलीच आहेस ना, बस इथे."