दुसऱ्या मागणीची वाट

मुरिएल टॅपस्कॉट आमच्या गावात कादंबरीकार बाईंचं घर पाहुण्यांना दाखवायची. बाईंना जाऊन दीडशेवर वर्षं झाली, पण गाव अजून त्यांच्याच नावावर चहा-केक विकतं. मीही त्यातलीच. घरासमोरचं चहाचं दुकान माझं.

बाईंच्या कादंबऱ्यांत नायक पहिली मागणी घालतो ती वेडीवाकडी. नायिका फणकाऱ्यानं ती धुडकावते आणि मग तो नरमून पुन्हा येतो. मुरिएलला ही पुस्तकं तोंडपाठ.

एका उन्हाळ्यात बाईंच्या कादंबरीवरच्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण गावात आलं. नाचाच्या प्रसंगासाठी गावातल्या पोरी घेतल्या, त्यात मुरिएल होती. बग्गीच्या घोड्यांबरोबर आलेल्या विल्फ गारलंडला, पुरुष कमी पडले म्हणून, कोट चढवून तिच्यापुढं उभं केलं. तो सारखा तिच्या पायावर पाय द्यायचा आणि ती हसायची. पडद्यावर तो नाच जेमतेम क्षणभर दिसला, पण दोघांचं सूत तिथंच जुळलं.

शेवटच्या दिवशी घोडे गाडीत चढवता चढवता तो म्हणाला, "मुरिएल, लग्न करतेस माझ्याशी? तुला स्वयंपाक येत नाही म्हणतात, पण मी घेईन चालवून."

मेकअपवाल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मुरिएलचे कान तापले.

"एवढे उपकार नकोत. नाही करायचं मला लग्न."

"नक्की?"

"नक्की!"

त्यानं टोपी सारखी केली आणि तो गाडीत चढला.

संध्याकाळी मुरिएल माझ्याकडे आली ती खुशीत. "येईल बघ. चांगला खाली मान घालून येईल."

"अगं, तो घोडेवाला आहे, पुस्तकातला जमीनदार नव्हे. तूच फोन कर की!"

"मी? शोभतं का ते?"

मालिका लागली, संपली. रस्त्यानं घोड्यांची गाडी गेली की मुरिएल बोलता बोलता खिडकीकडे बघायची. पुढच्या वसंतात कळलं, विल्फनं डॉर्सेटमधल्या एका बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. त्याच आठवड्यात मी केक पोचवायला बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर गेले होते, तेव्हा कुणा पाहुणीनं मुरिएलला विचारलं, "तुमच्या या बाईंना लग्नाचं कुणी विचारलंच नाही का?"

"विचारलं होतं, एकदा," मुरिएल म्हणाली. आणि ती खिडकीकडे वळली. पाहुण्यांना मीच खाली आणलं.

केस पांढरे झाल्यावर ती पुन्हा त्याला भेटली. नवा सिनेमा निघाला होता आणि या वेळी घोडे विल्फच्या मुलीचे होते. तो माझ्या दुकानात चहाला आला, तेव्हा कोपऱ्यात मुरिएल बसलेली.

"काय गं, शिकलीस का स्वयंपाक?"

"नाही. तू परत का नाही आलास?"

तो गोंधळला. "तू नक्की म्हणालीस ना? नको म्हणणाऱ्या बाईच्या मागं कशाला लागायचं?"

"मी वाट बघत होते, विल्फ."

"मला कसं कळावं? मी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही गं."

बाहेरून मुलीनं हाक मारली, तेव्हा तो जड पावलांनी उठला. "बायकोला तुझं नाव ठाऊक आहे. सांगितलंय मी तिला," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर मुरिएल मला म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावून होते. आता रागवायलाही कुणी उरलं नाही."

त्या हिवाळ्यात तिनं खोल्या दाखवायचं काम सोडलं आणि बाईंच्या घरामागची बाग सांभाळायला घेतली. तिथं कुणाला काही सांगावं लागत नाही, म्हणाली.