डब्यातला कोड कुठून आला?

आमच्या ऑफिसात किस्से कोणी घडवत नाही. माणूस आपला साधा फॉर्म भरायला बसतो, आणि फॉर्म बाजूला राहून किस्सेच जमतात!

भिलाईला, स्मृति नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: बोरकर सर, रेणुका आणि मी. क्रेननं किती वजन उचललं ते दाखवणारा डबा बनवतो. डब्यात छोटा कॉम्प्युटर, त्यात शंभरेक सॉफ्टवेअर पॅकेजेस. ती काही आमची नाहीत. बिल्ड सिस्टीम त्यांचा सोर्स कोड नेटवरून ओढते आणि जुळवते. यंदा इथल्याच ज्या कारखान्यात डबे जायचे होते, तिथल्या साहेबांनी अट घातली: प्रत्येक पॅकेजचा सोर्स कुठून आला ते लिहून द्या, नाहीतर ऑर्डर कॅन्सल.

सर म्हणाले, "त्यात काय? 'इंटरनेटवरून' असं लिहून टाक!"

लिहिलं. फॉर्म परत आला. खाली लाल पेनानं, "इंटरनेट किस कंपनी का है?"

सरांनी मलाच विचारलं, "कोणाचं आहे गं?"

*

एका पॅकेजची लिंक उघडली, तर तिथं बुटांचं दुकान! तरी बिल्ड मात्र रोज पास होत होतं. शेवटी कळलं, रेणुकाच्या पीसीत जुनी कॉपी पडून होती.

"तुझ्याकडे कुठून आली?"

"जुन्या पीसीतून."

"अन् जुन्या पीसीत?"

"मले काय माहीत? तो पीसी तर तूच वापरून राहिली होती!"

*

कोडातल्या एका दुरुस्तीखाली लेखकाचं नाव होतं 'रूट'. कॉम्प्युटरवर मालक म्हणून काम केलं की हेच नाव पडतं, माणूस कोणीही असो. साहेबांचा फोन आला, "ये रूट जी कौन हैं? उनका साइन चाहिए."

सर फोनवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आपल्याकडं होता का कोणी?"

*

घरी, सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये, आईनं विचारलं, "दिवसभर काय करून राहिली?"

"कोड कुठून आला ते शोधून राहिली."

"चोरीचा आहे?"

"नाही, फुकटचा आहे."

"मग तो साहेब काहून विचारून राहिला?"

मी पोळी वाढून घेतली.

*

सगळं भरून झालं, एकच पॅकेज उरलं. आकडे मोठ्या अक्षरात दाखवणारं. लिंक बंद. डबे पॅक होऊन जिन्यात उभे. लेखकाचा ईमेल कोडातच सापडला. फिनलंडचे एक म्हातारे गृहस्थ. विचारलं, "आमच्याकडे तुमच्या कोडची प्रत आहे, पण मूळ कोड कुठं आहे?"

चार दिवसांनी उत्तर आलं. "माझी डिस्क कधीच खराब झाली. माझ्याकडे एकही प्रत नाही. तुमच्याकडे आहे हे वाचून रडू आलं. मला पाठवाल का?"

रेणुकानं आपल्या पीसीतला कोड लगेच पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आपल्या साइटवर लावला. मी खुशीत ती लिंक फॉर्ममध्ये टाकली, फॉर्म पाठवला.

तासाभरात साहेबांचा फोन. "मैडम, इस साइट पे तो लिखा है, ये कोड भिलाई से आया!"

सर खुर्चीतून उठून उभे. मी म्हटलं, "जी सर."



"अरे, तो लोकल माल है! पहले बोलना था ना. भेज दीजिए!"