अक्काच्या नावाचे अर्ज

अक्काने सातवीत शाळा सोडली आणि घरातली, शेतातली कामं अंगावर घेतली, म्हणून मी सोनगीरजवळच्या आमच्या खेड्यातून धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात येऊ शकले. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. हे उपकार मी कधी विसरले नाही. म्हणूनच जळगावकडच्या सासरहून अक्का नाहीशी झाली, तेव्हा अर्ज लिहायचं काम मी कुणालाच करू दिलं नाही.

मी आठ अर्ज लिहिले. अक्षर सुंदर, भाषा शुद्ध. उत्तर एकच यायचं : सदर नावाची महिला या गावी राहत नव्हती. ठाण्यात गेलो तर जमादार हसून म्हणायचा, "ताई, गावच चुकलं असेल तुमचं. नाहीतर गेली असेल कुणाबरोबर."

त्याच हिवाळ्यात देवपुरातल्या एका शिक्षकांची मुलगी बेपत्ता झाली. चौथ्या दिवशी तिचा फोटो पेपरात आला. तिच्या वडिलांना साहेबांनी आत बोलावून चहा दिला. आम्ही माय-लेकी बाहेर व्हरांड्यात उभ्या होतो. मला त्या चहाचासुद्धा हेवा वाटला. माझी अक्का काय कमी होती? तिचा स्टुडिओत काढलेला एक फोटो नव्हता, एवढंच.

मग त्या मुलीसाठी बायकांनी मोर्चा काढायचं ठरवलं. वर्गातल्या मुली मला म्हणाल्या, "तूही चल, तुझ्या बहिणीचं नाव फलकावर लिहू." मी म्हटलं, माझी ट्यूटोरियल आहे. खरं म्हणजे त्या मुलीच्या मोर्चात अक्काचं नाव शेपटासारखं लागावं, हे मला सहन होत नव्हतं. मायला मी तसं सांगितलंही.

माय म्हणाली, "तुले कॉलेज शे ना? ऱ्हाय तू. मी जास."

मोर्चात त्या शिक्षकांच्या बायकोने मायला आपल्या शेजारी घेतलं. सोबत एक वकीलबाई होत्या. त्यांनी चालता चालता मायला विचारलं, "मावशी, सासरी तिला काय नावाने हाक मारायचे?"

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने अक्काचं नवं नाव लिहिलं होतं. आमच्या घरात ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही; माहेरी लेकीला सासरच्या नावाने कोण हाक मारतं? माझ्या आठही अर्जांत अक्का वडिलांच्या घरच्या नावानेच होती. सासरच्यांनी मात्र नव्या नावाने "सून स्वखुशीने निघून गेली" असं तिकडच्या ठाण्यात लिहून दिलं होतं, आणि तो कागद तिथेच दाबला गेला होता. वकीलबाईंनी माझा अर्ज आणि तो कागद एकत्र जोडून साहेबांपुढे ठेवले. पंधरा दिवसांत गुन्हा नोंदला गेला, अक्काच्या नवऱ्याला आणि दिराला चौकशीला बोलावलं.

माय मला म्हणाली, "तू इतलं शिकनी, पन हाई तुना बी ध्यानमा नही उनं." रागाने नाही, नुसतंच म्हणाली. मला मात्र त्या वकीलबाईंचा राग आला. तो एक साधा प्रश्न मी विचारायला हवा होता.

अक्का सापडली नाही. शिक्षकांची मुलगी सुरतेहून सुखरूप परत आली. माय म्हणाली, आपण भेटायला जाऊ. तिची आई आपल्यासाठी दोनदा जळगावपर्यंत आली. मी गेले. मुलीने दार उघडलं, पाणी आणलं. मायने तिच्या गालांवरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि अक्काच्या आठवणीने म्हणाली, "मनी पोर बी अशीच येई."

मुलगी रडायला लागली. तिची आई रडायला लागली. मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसले होते. मायचा हात तिच्या गालावरून कधी निघतो, याची मी वाट पाहत होते.