खजूर विरुद्ध चणा

परवा टीव्हीवर कुठल्याशा देशाची निवडणूक दाखवत होते. खासदार निवडायचे, आणि त्याच दिवशी एका प्रश्नावर सगळ्या जनतेला हो की नाही तेही विचारायचं. गळ्यात पट्टे घातलेले परदेशी निरीक्षक मतपेट्यांभोवती फिरत होते. मी दुबईत मुलाकडे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, सोफ्यावर पाय घेऊन बसलो होतो. नातवाला म्हटलं, "माझ्या वेळी पण असे ऑब्झर्व्हर आलेले."

तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "नाना, देअर वॉज नो इलेक्शन हिअर."

बरोबर आहे त्याचं. इथे नव्हती. आमच्या खोलीत होती.

साठच्या नंतरची गोष्ट. बर दुबई नावाच्या भागात, खाडीपासून जरा आत, आम्ही रत्नागिरीकडचे दहा-बारा जण एका खोलीत राहायचो. लाइट गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली, आमच्यापर्यंत नाही. मी आलेलो गवंडी म्हणून. मी बांधलेली पहिली भिंत दुसऱ्या दिवशी वाकून मलाच सलाम करत होती. मग होड्यांवरचा माल उतरवायला गेलो, तर पोतं खाडीत पडलं आणि पोत्याला वाचवायला गेलेला मी पोत्याच्या आधी बुडायला लागलो. तेव्हा खोलीतले सगळ्यात वडील, ज्यांना सगळे मामू म्हणायचे, ते म्हणाले, "तू घरात बस आणि रांध. बाहेर लोकांच्या जिवाला धोका आहे."

रांधण्याच्या बदल्यात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण. गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर मी निरोप धाडला की किचन डिपार्टमेंट पूर्ण माझ्या हातात आहे. खोटं नव्हतं. डिपार्टमेंट म्हणजे रॉकेलचा एक स्टो आणि दोन टोप.

रमजान लागला आणि लफडं सुरू झालं. रोजा धरलेला माणूस सालनाचं, म्हणजे कालवणाचं, मीठ चाखणार कसं? मी अंदाजाने टाकायचो. आणि अंदाज कसला असतो, ते तुम्हाला माझ्या भिंतीवरून कळलंच आहे. एक दिवस सालन असं खारट झालं की मामू म्हणाले, "खाडी लांब आहे म्हणून घरीच आणलीस काय?"

खोलीत एक चौथी पास होता. बाकी आम्ही सगळे अंगठेबहाद्दर, म्हणून त्याचं नावच चौथी पास पडलेलं. तो म्हणाला, "जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायचं. चालतं. मौलवीसाहेबांनी सांगितलंय."

मी म्हटलं, "मौलवीसाहेबांची जीभ ऐकत असेल. माझ्या जिभेवर एकदा आलेलं परत गेलेलं नाही."

त्याच दिवसांत इंडियात निवडणुका चालू होत्या. मामूंच्या बॅटरीच्या रेडिओवर रोज त्याच बातम्या. त्या ऐकून चौथी पासच्या अंगात आलं. म्हणाला, आपल्या खोलीतही मतदान घ्या. एक, खोलीचा मुख्य कोण. दोन, हा रांधपी ठेवायचा की काढायचा.

मी हसलो. मग हसू जिरलं. किचन गेलं म्हणजे झोपायची जागा गेली. जागा गेली म्हणजे पुढच्या बोटीने गावाला. आणि गावात माझी आई बायकोसकट सगळ्या आळीला सांगत फिरत होती की माझा मुलगा दुबईत डिपार्टमेंट चालवतो. मला परत जायची भीती नव्हती. भिंतीच्या, पोत्याच्या आणि मिठाच्या तिन्ही गोष्टी माझ्याबरोबर बोटीतून उतरतील, याची होती.

म्हणून मीच अट घातली. मतदान घ्या, पण बाहेरचे लोक बघायला बोलवा. उद्या मला काढलंत तर निदान लबाडीने काढलं असं होऊ नये, आणि ठेवलंत तर याने घोटाळा केला असं कोणी म्हणू नये. मला वाटत होतं, मी फार हुशारी केली.

निरीक्षक तीन आले. नाक्यावरचा इराणी भटारी, गोदामाचा पठाण वॉचमन आणि अब्र्याच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीच्या, धक्क्यावर चहा विकणारा मलबारी. मलबारी तसा आपल्याच देशाचा, पण आमच्या खोलीत त्याची मल्याळम कोणाला कळत नव्हती, म्हणून त्यालाही परदेशी धरला. तो हिंदू. रमजानात दिवसा त्याचं दुकान बंद, म्हणून बिचारा रिकामाच होता.

आता लिहिता येत नाही तर मत द्यायचं कसं? तीही अक्कल मीच काढली. प्रत्येकाला एक खजूर आणि एक चणा द्यायचा. पडद्यामागे मडकं. रांधपी ठेवायचा असेल त्याने खजूर टाकायचा, काढायचा असेल त्याने चणा. उरलेलं खिशात. खजूर ही निशाणी मी स्वतःसाठी मागून घेतली. म्हटलं, रमजानात खजुराला नाही म्हणणारा मुसलमान दाखवा मला.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाल्यावर सगळे जमले. आधी मुख्याची निवडणूक. मामू एकटेच उभे. इराण्याने विचारलं, "सामने कौन है?"

"कोई नहीं," चौथी पास म्हणाला.

"क्यों नहीं?"

"रेडिओ इनका है."

इराण्याने मान डोलावली. त्याला ते पटलं. मामू बिनविरोध.

पण पठाणाला पटेना. तो म्हणाला, हम जबान दिया है, सब ठीक से देखेगा. मग त्याने मडकं उलटं केलं. आत हात घालून बघितलं. वास घेतला. पडदा झटकला. माझे खिसे तपासले, त्यातून एक काडेपेटी निघाली तर तीही उघडून बघितली. मग प्रत्येकाच्या तळहातावर खजूर आणि चणा आहे का, ते रांगेत फिरून पाहिलं. एकाकडे दोन चणे निघाले. तो म्हणाला चुकून आला. त्यावर वाद झाला. चौथी पास म्हणत होता, "यल्ला, यल्ला, उशीर होतोय." पठाण म्हणत होता, "जल्दी का काम शैतान का."

शेवटी पठाण पडद्यापाशी काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "चलो. पहला आदमी."

पहिला माणूस उठला आणि मशिदीतून रोजा सोडायची अजान झाली.

दिवसभराचा उपास. हातात खजूर. विचार कोणी केला नाही. सगळ्यांचे हात एकदम तोंडाकडे गेले. इराण्याचाही गेला, त्याला तर नमुना म्हणून दिलेला होता. खोलीत नुसता बिया थुंकायचा आवाज. इफ्तारसाठी ताटात ठेवलेले बाकीचे खजूर मागोमाग संपले. पाणी पिऊन झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा पक्ष लोकांच्या पोटात गेला.

मी म्हटलं, "उद्या घेऊ या का?"

पठाण म्हणाला, "मत एक बार मिलता है. चलो, बारी-बारी."

काठीवाल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या खोलीत रीत नव्हती. एकेक जण उठून पडद्यामागे गेला. रिकाम्या हाताने परत यायला लाज वाटत असणार. मडक्यात चणा पडला की टक्क आवाज यायचा. मी बाहेर बसून ऐकत होतो. टक्क. टक्क.

माझी पाळी आली. पडद्यामागे गेलो, मूठ उघडली. चणाच होता. अजान झाल्यावर माझा हातही थांबला नव्हता. मी तसाच उभा राहिलो. बाहेरून पठाण खोकला. टक्क.

मडकं पालथं केलं. सगळे चणे. पठाण खूश. म्हणाला, इतका साफ इलेक्शन हम कभी नहीं देखा. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम भी?"

"मैं भी," मी म्हटलं.

"अपने खिलाफ?"

"अजान हो गयी थी, खानसाब."

मामू हसायला लागले. मग खोकायला लागले. चौथी पास मात्र गंभीर. म्हणाला, "मोजणी झाली. खलास. लोकांनी ठरवलंय."

इराणी म्हणाला, "ये वोट नहीं है, ये इफ्तार है." पठाण म्हणाला, जबान म्हणजे जबान. दोघांची जुंपली. एक खजुराचा, एक चण्याचा. मग सगळे तिसऱ्याकडे बघायला लागले. तोपर्यंत मलबारी एक शब्द बोलला नव्हता. सगळ्यांच्या आधी काय ते खाऊन आलेला एकटा तोच होता.

त्याने विचारलं, "कल सुबह की सहरी कौन पकाएगा?"

मामूंनी चौथी पासकडे बघितलं. चौथी पासने छताकडे बघितलं.

"तुम लोग आदमी निकालता या नमक निकालता?" मलबारी म्हणाला.

"नमक," मागून कोणीतरी बोललं.

"मेरा रोजा नहीं. दिन में दुकान बंद. मैं चखेगा."

मामूंनी मुख्य म्हणून आपला पहिला हुकूम सोडला. मतदान बरोबर, रांधपी काढला. पण दुसरा मिळेपर्यंत राहील, आणि मीठ मलबारी बघेल. पठाणाची जबान राहिली, माझी जागा राहिली. दुसरा शोधायचं काम चौथी पासकडे दिलं, आणि त्याने ते फार सावकाश केलं. मी काढलेला रांधपी म्हणून त्या खोलीत किती वर्षं रांधत होतो, ते आता आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी असरच्या आधी मलबारी आला. रोजेवाल्यांसमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून मतदानाचा तोच पडदा आम्ही परत बांधला. त्याच्या मागे तो वाटी घेऊन बसला. मी तर कालच्यापेक्षा जास्त घाबरलेलो. आत चमचा वाजला. मग परत एकदा वाजला.

पडदा जरा बाजूला झाला. त्याने मला बोटाने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाला, "नमक बरोबर है."

मी म्हटलं, "अल्हमदुलिल्लाह."

"मछली कच्ची है."

मी टोप परत स्टोवर चढवला. चौथी पासने विचारलं, काय म्हणाला रे? मी म्हटलं, मीठ बरोबर आहे म्हणाला.