म्हशीच्या लग्नाची रेकॉर्ड

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी ती रेकॉर्ड टाकली. म्हशीच्या लग्नाची. लगेच खाली बदाम, जोडलेले हात, डोळे पुसणारे चेहरे. 'काय दिवस होते यार.' माझं डोकंच फिरलं.

रेकॉर्डवरचं गाणं तसं विचित्रच होतं. म्हशीला नवरी व्हायचं असतं. मग सगळे प्राणी मिळून तिला घासतात, साबणाने, चुन्याने, शेवटी विटेने. ती काही गोरी होत नाही, आणि एक जाडा पुरुषी आवाज खो खो हसत सुटतो. संपली गोष्ट. पण तेव्हा, आमच्या लहानपणी, दिल्लीत मराठी कानावर पडायची मारामार. सरकारी नोकरीपायी इथे आलेल्या आमच्या आईवडिलांना मुलांचं मराठी टिकवायचं होतं, आणि जे मराठीत आहे ते चांगलंच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. रेकॉर्ड सांगते काय, हे एकाही शहाण्याने कान देऊन ऐकलं नाही.

मंडळाने त्या गाण्यावर गणपतीत आम्हा मुलांचा नाच बसवला. म्हैस मी. निवड वगैरे काही झाली नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, झालं. पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलींनी मला स्टेजवर नारळाच्या शेंडीने घासलं आणि तोंडावर पावडरचा डबा रिकामा केला. हॉल हसून लोळत होता. पहिल्या रांगेत माझे वडीलही हसत होते. ते मला अजून सहन होत नाही. शाळेच्या बसमध्ये पुढे कितीतरी वर्षं मला म्हैस म्हणूनच हाक मारायचे.

आणि आता जुन्या आठवणींसाठी मंडळ तेच पुन्हा बसवतंय. मला ते कळलं, मी नोएडाला मुलाकडे गेले तेव्हा. सून पानिपतची, त्यावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत. तिला मराठी येत नाही, पण मला बरं वाटावं म्हणून ती माझ्या नातीकडून ते गाणं घोकून घेत होती.

"मम्मीजी, इसको मेन रोल मिला है," ती कौतुकाने म्हणाली. नात रंगाने थेट माझ्यावर गेली आहे.

तिने हात पुढे केला. "आजी, इथे रगडायचं. फिर लास्टमध्ये मी गोरी होणार ना?"

मी सुनेला त्या गाण्याचा अर्थ हिंदीत सांगितला, एकेक ओळ. तिचा चेहरा उतरला. तिने गाणं बंद केलं. मी तिथूनच मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"अहो ताई, लहान मुलांचं गाणं ते, एवढं काय मनावर घेता?" ते म्हणाले. "आजकाल मुलांच्या तोंडून मराठी ऐकायला मिळतं कुठे? या निमित्ताने तिला चार ओळी तरी येतील."

आयुष्यभर घरात मराठीसाठी भांडत आले मी. मुलाशी, नवऱ्याशी, शेजारपाजाऱ्यांशी.

"तिला मराठी नाही आलं तरी चालेल," मी म्हणाले आणि फोन ठेवला.